तांदूळ घरचाच

माझ्याकडे १९८३ सालची एक वही आहे. शंभर पानी, आडव्या रेघांची, पुठ्ठ्याला वाळवी लागून गेलेली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला चंद्रपुरात आलो तेव्हा वडिलांनी ती घेऊन दिली आणि बजावले, पैशापैशाचा हिशेब लिहायचा. जुलैच्या पानावर माझ्या तेव्हाच्या गोल अक्षरात लिहिले आहे : खानावळ ७० रु. खोलीभाडे, माझा वाटा २० रु. रॉकेल ४ रु. चहा-आलुबोंडा ११ रु. ५० पै. साबण १ रु. ८० पै. शेवटची ओळ, तांदूळ. रकमेच्या रकान्यात आडवी रेघ आणि पुढे एकच शब्द, 'घरचा'. तीन वर्षे दर महिन्याला ही ओळ अशीच आहे.

कॉलेजात असताना आम्ही किती स्वस्तात जेवायचो हे ऐकवण्याची माझ्या पिढीला भारी हौस. सत्तर रुपयांत महिना काढला, हे मी मूलला मास्तरकी करताना वर्गात आणि घरी पोरांना इतक्यांदा सांगितले की ती हात जोडून 'पुढे बोला' म्हणायची. निवृत्तीनंतर माळा आवरताना वही हाती आली आणि त्या रेघेवर नजर अडली. मी आयुष्यभर ऐकवत होतो तो हिशेब अर्धाच होता.

आमचे गाव सिंदेवाही तालुक्यातले. हा सगळा झाडीपट्टीचा भाग : ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आणि वैनगंगेपलीकडे वडसा, आरमोरी, गडचिरोली. जंगल, मालगुजारांच्या वेळचे तलाव, आणि तलावाखाली धानाच्या बांध्या. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरचे दोन तुकडे होऊन गडचिरोली जिल्हा झाला, त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. म्हातारी माणसे दोन्ही मिळून 'चांदा जिल्हा'च म्हणत. रेल्वेने तर आजही ऐकलेले नाही, स्टेशनाचे नाव चांदा फोर्टच आहे. गोंदियाहून नागभीडमार्गे येणारी लाईन तेव्हा छोटी होती. सिंदेवाहीला चढायचे, राजोली, मूल, केळझर करत, मधे जंगलात उगाच उभी राहत गाडी चांदा फोर्टला पोचायची. जून-जुलैत त्या डब्यात कॉलेजची पोरे ओळखायची खूण एकच. प्रत्येकाच्या पायाशी सुतळीने तोंड शिवलेली चुंगडी. आत तांदूळ, तांदळात खुपसलेली डाळीची पुरचुंडी, लोणच्याची बरणी आणि सुक्या झिंग्याची पुडी. त्या वासावरून तिकीट तपासनीससुद्धा विचारायचा, 'कोणत्या कॉलेजचे रे?'

आमच्या आधीच्या पिढीतले, चांद्याला शिकलेले एक गुरुजी गावात होते. त्यांनी शाळा 'वारावर' काढली होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवसांचे सात वाडे. एखाद्या घरी सुतक आले की तो वार उपाशी. गुरुजी हे रंगवून सांगत आणि आम्ही हळहळत असू. पुढे मोठेपणी कळले की वार लागण्यासाठी गरिबीबरोबर जातही लागत असे. सोवळ्याच्या पंगतीला बसू शकणाऱ्या पोरालाच वार आणि माधुकरी मिळायची. बाकीच्यांनी शिकायचे कसे, हा प्रश्न कुणी विचारतही नव्हते. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची पोरे एका वसतिगृहात, एका पंगतीला बसवली, आणि पोरांचे धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, ते या दुखण्यावरचे औषध होते. आमच्याकडे तसे कुणी इतक्या लवकर उभे राहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. चांद्यात ते ओझे बराच काळ खानावळींनी उचलले. तिथे जात विचारत नसत. आगाऊ पैसे मात्र विचारत.

कोणाच्या हातचे खायचे, यावरून या जिल्ह्यात आणखीही एक मोठी गोष्ट घडून गेली. माझा खोलीतला एक जोडीदार वरोऱ्याकडचा. त्याचे वडील सांगायचे, आनंदवनात भाजी पिकायला लागली, दूध निघायला लागले, तेव्हा गावात ते कुणी घेत नसे, कारण हात महारोग्यांचे. १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक तिथे बांधकामाला आले आणि त्याच रोग्यांच्या हातचे जेवू लागले. ते पाहून वरोऱ्याची भीड मोडली. दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, त्याच रोग्यांनी उभारलेल्या इमारतींत आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले. माझ्या जोडीदाराचा थोरला भाऊ तिथेच शिकला. एकेकाळी जिथली वांगी घ्यायला घरचे तयार नव्हते, तिथली पदवी घेऊन तो आला.

आमची खानावळ जटपुरा गेटच्या आतल्या एका बोळात होती. पाटी नव्हती. 'काकूंची' एवढेच नाव. काकूंचे यजमान कोळसा खाणीत होते आणि खानावळ मुळात त्यांच्या पाळीतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी सुरू झालेली. विद्यार्थी मागाहून आले. म्हणून जेवणाच्या वेळा कॉलेजच्या नव्हत्या, खाणीच्या पाळ्यांच्या होत्या. दुपारचा तास बुडवल्याशिवाय गरम पोळी मिळत नसे. संध्याकाळी साडेपाचला काकू दगडी कोळशाची शेगडी पेटवून बोळात आणून ठेवायच्या. तासभर तिचा पिवळट धूर निघायचा. सगळ्या बोळात दारोदार अशा शेगड्या आणि वर कंदिलासारखा मिणमिणता म्युनिसिपालटीचा दिवा. धूर ओसरून कोळसा लाल झाला की फडक्याने दोन्ही कान धरून शेगडी आत. थंडीत आम्ही मुद्दाम लवकर जाऊन तिच्याभोवती हात शेकत बसायचो. माझ्या मोजक्या स्वेटरपैकी एकाला तो वास कायमचा लागला होता.

पूर्ण खानावळ महिना एकशेवीस रुपये. दोन वेळ, वेळेला चार पोळ्या, एक रस्साभाजी, वरण, आणि शेवटी वाटीने दाबून पालथा घातलेला भात. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी सुट्टी. सलग तीन दिवस आला नाहीत आणि आधी सांगून गेलात तर खाडे धरायचे. पोळ्या पातळ नव्हत्या, भाजी वाईट नव्हती. अडचण माझी होती. आमच्या घरी पोळी पाहुणा आला तर. रोजचे जेवण म्हणजे भात. सकाळी भात, रात्री भात, उरला तर आंबील. आणि इथे ज्याला मी जेवण समजत होतो ते सगळ्यात शेवटी, वाटीभर, तोंड पुसायला दिल्यासारखे येत होते. पहिल्या आठवड्यात मी दुसऱ्यांदा भात मागितला.

'काहून रे बापू, पोळ्या कमी पडल्या का?' काकूंनी विचारले.

'पोळ्या नको, दोन कमी करा. भात वाढवा.'

'तसं होत नाही. कणिक रेशनवर मिळते, तांदूळ मला दुकानातून घ्यावा लागते.'

मग आम्ही झाडीतले तिघे मिळून त्यांच्याकडे शिष्टमंडळ घेऊन गेलो. तांदूळ आम्ही आणून देतो, महिन्याला इतक्या पायल्या, तेवढे पैसे कापा. काकू हसल्या. 'तुमची पायली तुमच्या गावात. माझ्या घरी तराजू आहे, अन् तीन पोरांचा तीन तऱ्हेचा तांदूळ मी वेगवेगळ्या गंजात शिजवू का?' शेवटी ठरले ते असे : आम्ही फक्त पोळी-भाजी घ्यायची, भात-वरणाचा हक्क सोडायचा, आणि त्याबद्दल पन्नास रुपये कमी. वहीतले ७० रुपये हे इथून आले. खोलीवर वातीचा स्टोव्ह होता. खानावळीतून पोळ्या खाऊन आलो की भात टाकायचा आणि खऱ्या जेवणाला बसायचे. हा प्रकार त्या काळच्या चंद्रपुरात आमचाच नव्हता, झाडीतल्या बहुतेक पोरांच्या खोल्यांत रात्री नऊला भाताची वाफ असे.

वरोऱ्याचा जोडीदार हे सगळे कुतूहलाने बघायचा. जिल्ह्याच्या पश्चिमेला, वरोरा-राजुराकडे काळी जमीन. कापूस आणि जवारी. त्याच्या घरून डब्यात भाकरी आणि चून यायचे, म्हणजे पुण्या-मुंबईकडच्या भाषेत पिठले. डबा सकाळच्या एसटीने यायचा. आई गावच्या थांब्यावर कंडक्टरच्या हाती द्यायची, तो ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनाच्या उबेला ठेवायचा, आणि चंद्रपूरच्या स्टँडवर पोरगा वाट बघत उभा. एसटी चुकली तर डबा आगारभर फिरून संध्याकाळी आंबलेला मिळायचा. तो आम्हाला 'भातखाऊ' म्हणायचा, तीन तासांनी परत भूक लागणारी जात. आम्ही त्याच्या भाकरीला वहाण म्हणायचो. परीक्षेच्या रात्री मात्र दोन वाजता त्याच्याच भाकरीचा तुकडा आणि आमचे लोणचे असे मिटायचे.

भाताबरोबर काय, हा रोजचा प्रश्न. जुलैत पैसे लागत नसत. पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला, रिकाम्या प्लॉटवर तरोटा उगवतो. कोकणात त्यालाच टाकळा म्हणतात. कोवळी पाने खुडायची, लसूण-मिरचीवर परतायची. आठवड्यातून तीन दिवस तरोटा. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी एकदा पिशवीसकट पकडले आणि त्याचे शास्त्रीय नाव विचारले. सांगता आले नाही. भाजी मात्र त्यांनाही आवडायची, हे नंतर कळले.

दुसरी सोबत लाखोळीची. धान उभे असतानाच बांधीतल्या ओल्या मातीत लाखोळी फेकतात. धान कापले की ती आपोआप वर येते, नांगर नको, पाणी नको. हिवाळ्यात कोवळ्या शेंड्यांची भाजी, मग डाळ. घरच्या चुंगडीतल्या पुरचुंडीत बहुतेक वेळा हीच असायची. गंमत अशी की तिच्या विक्रीवर १९६१ पासून कायद्याने बंदी होती. महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात, त्या रोगाला लॅथिरिझम म्हणतात, हे आम्हाला वर्गात शिकवलेले. दुपारी प्रश्नाचे उत्तर लिहायचे आणि रात्री तिचेच वरण. आई म्हणायची, भाताबरोबर खाल्ली तर काही होत नाही, तुझा आजा अजून चालतो. पुढे महाराष्ट्राने बंदी उठवली. आजोबा तोवर चालत नव्हते, पण ते ऐंशीच्या पुढे होते, डाळीवर आळ घेण्यात अर्थ नाही.

फुकटची जेवणेही होती आणि त्यांचे वेळापत्रक आम्हाला वर्गाच्या वेळापत्रकापेक्षा पक्के पाठ होते. ऑक्टोबरच्या १६ तारखेला दीक्षाभूमी. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली होती. त्या दिवशी गावोगावची माणसे येतात आणि अन्नदान होते. चैत्रात महाकालीची यात्रा. नांदेडकडून, तेलंगणातून पायी येणाऱ्यांच्या पंगतीत चार कॉलेजकुमार सहज खपून जात. आणि दिवाळीनंतर मंडई. झाडीत गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक असते. त्या दिवशी कुणाच्याही घरी गेले की पाहुणा. ओळख जेवता जेवता निघते. आम्ही एकदा नाटकाच्या नावाखाली तीन दिवसांत तीन गावे केली, आणि वहीत त्या आठवड्याला फक्त 'सायकल हवा २० पै.' एवढाच खर्च आहे.

ज्या वर्षी मी ती वही सुरू केली, त्याच वर्षी नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावात तिसरी शिकलेल्या दादाजी खोब्रागडेंना आपल्या पटेल-३ धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पेरल्या, परत निवडल्या. पाचेक वर्षांनी बारीक, चवीचा, भरघोस उतरणारा तांदूळ हाती आला आणि १९९० च्या सुमारास तो बाजारात एचएमटी नावाने निघाला. तेव्हा त्या नावाची घड्याळे जोरात होती. २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला, २०१८ मध्ये ते गेले. आमच्या खोलीपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर हे चालले होते आणि आम्ही विज्ञानाचे विद्यार्थी जाडा तांदूळ शिजवत लोंबीचे भाग पाठ करत होतो.

आता वहीतल्या त्या रेघेबद्दल. ती रेघ ज्याला मारता येत नव्हती असा एक मित्र वर्गात होता, भामरागडकडचा. माडिया आदिवासी. पर्लकोटेला पूर आला की त्याचे गाव आठ-आठ दिवस जगापासून तुटायचे. तिथून चुंगडी येण्याचा प्रश्न नव्हता आणि तशी द्यायला घरात धानही नव्हते. तो सरकारी वसतिगृहात. जेवण फुकट, आम्ही त्याचा हेवा करायचो. शिष्यवृत्ती मात्र फेब्रुवारी-मार्चपर्यंत यायची नाही, कुठे अडायची ते देव जाणे. तोवर वह्या, कपडे, बसभाडे सगळे तेंदूपत्त्यावर. मे महिन्यात तो घरी जायचा तो पाने तोडायला. पहाटे निघायचे, दहाच्या आत परतायचे, दुपारभर सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. शंभर पुडे म्हणजे सात हजार पाने. १९६९ च्या कायद्यानंतर सगळा तेंदू सरकारी लिलावातून जायचा. आता पुष्कळ ग्रामसभा स्वतः विकतात, पण तेव्हा भाव ठेकेदाराच्या तोंडी. जूनमध्ये तो परतायचा तेव्हा त्याची बोटे डिंकाने काळी असायची. एकदा त्याने नवी पँट दाखवली आणि म्हणाला, 'ही साडेतीन दिवसांची आहे.' त्याला प्रत्येक वस्तूची किंमत दिवसांत कळायची. मला तांदळाची रुपयांतही माहीत नव्हती.

ती कळायची वेळ १९८४ च्या सप्टेंबरात आली. कॉलेजात कसलासा संप झाला, पेपर पुढे गेले, आणि मी न कळवता गावी गेलो. पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. घरची मंडळी जेवायला बसली होती. ताटांत भात नव्हता. कणकी होती, म्हणजे धान कांडताना पडतो तो तुकडा, तिची पातळ पेज, आणि अंबाडीची भाजी. भाद्रपद हा झाडीत तसाही ओढीचा महिना; जुने धान संपत आलेले, नवे कार्तिकात. मी भिंतीला टेकून बसलो तर पाठीला चुंगडी लागली. भरलेली, तोंड सुतळीने शिवून तयार.

'ही कुणाची?'

'तुझीच,' आई म्हणाली. 'दसऱ्याला आलास की न्यायची.'

वडिलांनी मान वर केली नाही. धाकटी बहीण माझ्याकडे बघत पेज पीत राहिली. आईने चुंगडीची शिवण उसवायला हात घातला, माझ्यासाठी मूठभर भात टाकायला. मी नको म्हणालो, रस्त्यात खाऊन आलो म्हणून खोटे सांगितले, आणि सगळ्यांबरोबर पेज घेतली. चंद्रपूरला परतल्यावर त्या महिन्याच्या पानावर मी सवयीने पुन्हा तेच लिहिले आहे : तांदूळ, रेघ, घरचा.

नंतरच्या काळात स्वस्त जेवण हे सरकारचे काम झाले. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. वरोऱ्याच्या जोडीदाराने पत्र लिहिले की शेवटी जवारीवाले जिंकले. थोड्याच वर्षांत ती केंद्रे बंद पडली किंवा तिथे भलतेच विकले जाऊ लागले. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने शहरांतल्या वसतिगृहांची खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट पोरांच्या खात्यात टाकायचे ठरवले, आणि त्या जुलैत विद्यार्थी पुण्याहून नाशिकला पायी निघाले. वर्तमानपत्रात फोटो पाहिला तेव्हा मला त्या पोरांचे म्हणणे पटले. पैसे खात्यात उशिरा आले तर रात्री कुणाकडे जायचे, हे काकूंसारखी उधारी देणारी खानावळ असेल तर सुटते, नाहीतर नाही.

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झाली, तेव्हा मी चंद्रपुरात मुद्दाम जाऊन जेवलो. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. वजनासकट ठरलेले : पोळी तीस ग्रॅमची, भात दीडशे. भात पुन्हा शेवटी. मला आवडली ती तिची सरकारी कागदावरची मांडणी. थाळीची खरी किंमत शहरात पन्नास, खेड्यात पस्तीस. दहा जेवणाऱ्याचे, बाकीचे सरकारचे. बाकीचे कोण भरते हे तिथे निदान लिहिलेले तरी होते.

वहीचे शेवटचे पान एप्रिल १९८६ चे आहे. परीक्षा संपली, खोली सोडायची होती. स्टोव्ह वरोऱ्याच्या जोडीदाराने नेला. चुंगडीच्या तळाशी थोडा तांदूळ उरला होता. तो परत गावी काय न्यायचा, म्हणून काकूंकडे घेऊन गेलो आणि म्हणालो, हा असाच ठेवा. काकूंनी तो सुपात ओतला, बोटांनी चाळला, खडे काढले, आणि मग आतून तराजू आणला. मी नको नको म्हणत होतो. 'तुझ्या बापानं पिकवलं आहे की नाही?' एवढेच म्हणून त्यांनी वजन केले आणि कमरेच्या पिशवीतून पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले. वहीत, जमेच्या बाजूला, शाई थोडी फुटलेली : तांदूळ ४ किलो, १२ रु.